छातीतली साधी गाठ : साधी आहे, पण सोपी नाही

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी साखऱ्यातून बोलतोय. आपलं साखरा, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. पुण्यातून चार दिवस सुट्टीला आलोय. त्यामुळे मागे ट्रॅक्टर गेला किंवा कोंबडा आरवला तर समजून घ्या, एडिट करणार नाही.

एरवी आपण ॲप, नोकरी, इंटरव्ह्यू यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे : छातीतल्या गाठी. त्यातही बारा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या छातीत होणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठी. तुम्ही म्हणाल, हे तर दुर्मिळ आहे, आम्हाला काय करायचंय? दुर्मिळ आहे म्हणूनच बोलतोय. जे रोज दिसत नाही ते पटकन सुचत नाही. डॉक्टरांना सुचत नाही आणि घरच्यांना तर अजिबात नाही. मग महिने जातात.

मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, कोड लिहितो. आमच्या नात्यातल्या एका पोरीच्या छातीत अशी गाठ निघाली, तेव्हा तिची फाइल, सीडी, रिपोर्ट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मामी म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना रे बाबा, बघ की मग." बघता बघता बरंच शिकलो, बरंच डॉक्टरांना विचारून घेतलं. आज सांगतोय ते ऐकून कुणी स्वतःच उपचार ठरवू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढ्यासाठी ऐका.

[०१:५०] 'साधी' म्हणजे नेमकं काय

गाठ दोन प्रकारची, हे सगळ्यांना माहीत असतं. एक कॅन्सरची, एक साधी. साधी गाठ शेजारच्या अवयवांत मुळं रोवत नाही, रक्तातून दुसरीकडे जाऊन नवी गाठ करत नाही. जिथं असते तिथंच हळूहळू वाढते. पूर्ण काढली की बहुतेक वेळा विषय संपतो. केमो नाही, रेडिएशन नाही.

मग अडचण कुठे आहे? जागेत. पाठीवर लिंबाएवढी चरबीची गाठ असेल तर माणूस वीस वर्षं ती घेऊन फिरतो. छातीत तेवढी मोकळी जागाच नाही. चहूबाजूंनी बरगड्या, मध्ये हृदय, त्याच्या शेजारी श्वासनळी, मोठ्या रक्तवाहिन्या, अन्ननलिका. गाठ कितीही सज्जन असली तरी ती वाढून श्वासनळीवर रेलली की श्वास अडणारच. म्हणून डॉक्टर 'साधी आहे' म्हणाले तर आनंद माना, पण लगेच पुढचा प्रश्न विचारा : 'कुठे आहे, किती मोठी आहे, कशावर दाब देतेय?'

[०३:१०] छाती म्हणजे आपला जुना वाडा

हे मला एका रेसिडेंट डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. मी ते आपल्या भाषेत सांगतो. दोन फुप्फुसांच्या मधली जी जागा असते, तिचे तीन भाग करा. आपल्या जुन्या घरासारखे : पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परसदार.

ओसरी म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या लगेच मागची जागा. इथं थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर हळूहळू आक्रसते. तिथल्या साध्या गाठी म्हणजे थायमसच्या पाण्याच्या गाठी, थायमसमधली चरबीची गाठ, आणि टेराटोमा. टेराटोमावर पुढे बोलूच.

माजघर म्हणजे हृदय आणि श्वासनळीच्या आसपासची जागा. इथं जन्मापासूनच असलेल्या पाण्याच्या पिशव्या सापडतात. लिम्फ ग्रंथीही इथंच असतात. त्यांचा कॅसलमन नावाचा एक आजार आहे. अमेरिकेतल्या बेंजामिन कॅसलमन या पॅथॉलॉजिस्टने १९५० च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. एकाच जागी असेल तर काढून टाकल्यावर तो सहसा बरा होतो.

परसदार म्हणजे मणक्याला लागून असलेली जागा. तिथून नसा जातात, म्हणून तिथल्या गाठी बहुतेक नसांच्या असतात. शाळकरी वयात तिथली नावाजलेली साधी गाठ म्हणजे गँग्लिओन्यूरोमा. ती कित्येक वर्षं एक शब्द बोलत नाही. भलत्याच कारणासाठी एक्स-रे काढला जातो आणि तेव्हा दिसते.

आम्ही कोड डीबग करतो तेव्हा आधी एरर कुठल्या मोड्यूलमध्ये आहे ते बघतो. तिथंच निम्मं काम होतं. इथंही तसंच आहे. गाठ कुठल्या खोलीत आहे हे कळलं की संशयितांची यादी एकदम छोटी होते.

पण एक सावधगिरी. या वयात ओसरीत गाठ दिसली तर डॉक्टर आधी लिम्फोमाचा विचार करतात. तो कॅन्सर आहे आणि या वयात तिथं तोच जास्त सापडतो. म्हणजे 'पोरगं लहान आहे, साधीच असेल' असं गृहीत धरता येत नाही. आणि 'गाठ आहे म्हणजे संपलं सगळं' असंही धरता येत नाही. दोन्हीकडे घाई नको.

[०५:३०] बाहेरून हाताला लागणारी गाठ

काही गाठी आत नसतात, बरगडीच्याच असतात. आंघोळ करताना हाताला लागतात. बऱ्याचदा ती गाठ नसतेच. छातीच्या एका बाजूची कुर्ची, म्हणजे बरगडीचं मऊ हाड, दुसऱ्या बाजूपेक्षा जरा वर आलेली असते. वाढीच्या वयात ती उठून दिसते आणि घरचे घाबरतात.

खरी गाठ असेल तर ऑस्टिओकाँड्रोमा असू शकते. हाडाला कोंब फुटावा तशी ती वाढते. पोराची उंची वाढते तोवर वाढते आणि उंची थांबली की सहसा तीही थांबते. फायब्रस डिस्प्लेजिया नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात हाडाच्या जागी तंतूंचा गोळा होतो. या दोन्ही साध्या आहेत. दुखत असतील, वाढत असतील किंवा आत फुप्फुसाला टोचत असतील तर काढतात, नाहीतर नुसतं लक्ष ठेवतात.

पण गाठ भराभर वाढतेय, रात्री दुखून झोपमोड होतेय, सोबत ताप आणि वजन घटतंय, असं असेल तर थांबू नका. याच वयात बरगडीला युइंग सार्कोमा नावाचा कॅन्सरही होतो. आपल्या हिंगोली-वसमतकडे हळद भरपूर, त्यामुळे कुठलीही गाठ दिसली की पहिला हळदीचा लेप. लेप लावायला माझी हरकत नाही. पण लेप लावून महिनाभर वाट बघायला आहे.

आणि पोरींबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. छातीवर गाठ लागली तर आपल्याकडची चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आईलाही सांगत नाही. लाज वाटते. त्या वयात स्तनात जी गाठ होते ती बहुतेक वेळा फायब्रोॲडिनोमा असते, म्हणजे साधीच, आणि सोनोग्राफीत ती कळते. तपासणीच्या वेळी लेडी डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ऐकणाऱ्यांमध्ये कुणाची धाकटी बहीण असेल तर तिला एवढं नक्की सांगा : सांगायला लाजू नकोस, कुणी रागावणार नाही.

[०७:२०] आमच्या घरची गोष्ट, आणि टीबी

आमची पोरगी तेव्हा नववीत होती. तीन महिने कोरडा खोकला. ताप नाही, पण आडवी झाली की खोकला वाढायचा. मग ती दोन उशा घेऊन, नंतर तर भिंतीला टेकून झोपायला लागली. घरचे म्हणायचे, अभ्यासाचं टेन्शन.

एक्स-रे काढला. हृदयाच्या शेजारी पांढरा डाग. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, टीबीच्या गाठी असतील, औषध सुरू करा.

आता हे नीट ऐका. मी त्या डॉक्टरांना दोष द्यायला बसलो नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे की पोराच्या छातीत डाग दिसला तर टीबीचा संशय येणं बरोबरच आहे. टीबीने छातीतल्या ग्रंथी खरंच सुजतात. आणि टीबी असेल तर औषध मध्येच सोडणं हा फार मोठा धोका. म्हणून कुणीही हे ऐकून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

विचारायचं एवढंच : 'टीबी सिद्ध झालाय का, की अंदाज आहे?' थुंकीची किंवा ग्रंथीतल्या नमुन्याची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यात टीबीचा जंतू आहे का ते कळतं, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का तेही कळतं. लहान पोरांना थुंकी काढता येत नाही, त्यांच्यासाठी पोटातलं पाणी नळीने काढून तपासतात. कधीकधी काहीच मिळत नाही आणि अंदाजावरच औषध सुरू करावं लागतं. मग दुसरा प्रश्न : 'दोन महिन्यांनी काय दिसलं म्हणजे औषध लागू पडतंय असं समजायचं?' वजन वाढायला हवं, खोकला कमी व्हायला हवा, आणि डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढून आधीच्या शेजारी ठेवून बघतात.

आमच्या पोरीचं दोन महिन्यांनी काहीच बदललं नव्हतं. डाग तेवढाच, खोकला तेवढाच. मामी शाळा फार शिकलेली नाही, पण तिने सरळ विचारलं, "साहेब, औषध लागू पडत नसंल तर रोगच दुसरा असंल की?" टेस्टिंगवाल्यांनी ऐकावा असा प्रश्न होता तो. तिथून सीटी स्कॅनची चिठ्ठी मिळाली.

[१०:००] सीटी स्कॅन, आपल्याच जातकुळीतल्या माणसाचा

इथं मला जरा रंगून बोलू द्या, कारण हा इंजिनिअरचा विषय आहे. सीटी स्कॅन गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाच्या इंजिनिअरने बनवला. तो ईएमआय कंपनीत कामाला होता. गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी तीच कंपनी. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती, डिप्लोमा होता. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, आणि १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक्स-रेमध्ये पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. सीटी छातीचे आडवे काप काढून दाखवतो, भाकरीच्या चवडीतून एकेक भाकरी उचलून बघावी तसं. आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १०००. चरबी साधारण उणे १०० च्या आसपास. मांस शून्याच्या थोडं वर. हाड काहीशे ते हजाराच्या वर.

आता विचार करा. ओसरीत एक गाठ आहे, आणि तिच्यात एका कोपऱ्यात उणे १००, मध्ये शून्याजवळ, आणि एका ठिकाणी एकदम हाडाएवढा आकडा. म्हणजे एकाच गाठीत चरबी, पाणी आणि चुना. अशी सरमिसळ टेराटोमात असते. आमच्या पोरीच्या सीटीत नेमकं हेच होतं.

सीटीतही एक्स-रेचेच किरण असतात आणि एक्स-रेपेक्षा बरेच जास्त असतात. म्हणून लहान वयात उगाच तीन ठिकाणी तीन सीटी करू नका. एकदाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने, गरज असेल तर शिरेतून औषध देऊन नीट करा. परसदारातली गाठ असेल तर एमआरआय लागतो. तिथली गाठ कधीकधी मणक्याच्या फटीतून आत शिरते आणि डंबेलसारखी दोन्हीकडे फुगते. ते ऑपरेशनआधीच कळायला हवं, कारण मग मेंदू-मणक्याचे सर्जनही सोबत लागतात.

[१२:१५] रक्त, लघवी आणि सुई

ओसरीतल्या गाठीसाठी रक्ताच्या दोन तपासण्या महत्त्वाच्या : एएफपी आणि बीटा एचसीजी. बीटा एचसीजी हीच तपासणी गरोदरपणातही करतात. त्यामुळे पोरीच्या कागदावर ते नाव दिसलं की घरात कुजबुज सुरू होते. आमच्याकडेही झाली. शांत राहा. टेराटोमाच्या घराण्यातल्या काही गाठी कॅन्सरच्या असतात आणि त्या ही रसायनं रक्तात सोडतात, म्हणून बघतात. परिपक्व, म्हणजे साध्या टेराटोमात हे आकडे नॉर्मल येतात. परसदारातल्या गाठीसाठी लघवीतली काही रसायनं बघतात, न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर तर नाही ना, यासाठी.

मग सुई घालून तुकडा काढायचा का? ते गाठीवर ठरतं. लिम्फोमाचा संशय असेल तर तुकडा लागतोच, कारण त्याला ऑपरेशन नाही, औषधं लागतात. पण चित्र आणि रक्त दोन्ही साध्या टेराटोमाकडे बोट दाखवत असतील तर बऱ्याचदा थेट पूर्ण गाठ काढतात.

एका ठिकाणी सुई फार जपून. आपल्याकडे मेंढ्या आहेत, कुत्री आहेत. कुत्र्याच्या विष्ठेतून एका फीतकृमीची अंडी पोटात जातात आणि फुप्फुसात पाण्याची मोठी पिशवी तयार होते, तिला हायडॅटिड म्हणतात. ही खरं तर गाठ नाही, पण एक्स-रेत हुबेहूब गाठीसारखी दिसते. तिला सुई टोचून आतलं पाणी सांडलं तर जोरदार ॲलर्जी होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात मेंढ्या किंवा कुत्रं असेल तर डॉक्टरांना न विचारता सांगा.

अजून एक. दम लागला की गावात कुणीतरी एक इंजेक्शन देतं आणि दोन दिवस एकदम बरं वाटतं. त्यात स्टेरॉइड असू शकतं. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने गाठ तात्पुरती आक्रसते, आणि मग तुकडा तपासूनही निदान नीट होत नाही. आमच्या भाषेत, बग दुरुस्त न करता लॉगच पुसून टाकला. इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचं नाव फाइलमध्ये लिहून ठेवा.

[१४:३०] भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगाच

या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : आडवं झाल्यावर दम लागतो का, हे सगळ्या डॉक्टरांना सांगा.

ओसरीत मोठी गाठ असलेला पेशंट जागा असतो तेव्हा त्याचे स्नायू छाती फुलवून धरतात, श्वासनळी उघडी राहते. उताणं झोपवून पूर्ण भूल दिली, स्नायू सैल करायचं औषध दिलं, की गाठीचं वजन थेट श्वासनळीवर आणि हृदयाकडे येणाऱ्या शिरांवर पडू शकतं. मग नळी घातली तरी हवा जात नाही. हे भूलतज्ज्ञांना माहीत असतं आणि ते त्याची तयारी करतात. श्वास पेशंटचा स्वतःचा चालू ठेवतात, डोक्याकडची बाजू उंच ठेवतात, श्वासनळीत घालायची कडक दुर्बीण हाताशी ठेवतात. कधी तुकडा काढायचं काम नुसती जागा बधिर करून भागवतात.

म्हणून 'छोटंसं तर आहे, गावाजवळच उरकून टाकू' हा विचार छातीच्या गाठीत नको. छातीचे सर्जन, अनुभवी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग हे तिन्ही एका छताखाली हवेत. दोन उशा घेऊन झोपते, एवढी छोटी गोष्ट मामीने सांगितली आणि भूलतज्ज्ञांनी त्यावर पंधरा मिनिटं प्रश्न विचारले.

[१६:१०] ऑपरेशन

वाट दोन प्रकारची. छोटी, सुटसुटीत गाठ असेल तर दुर्बिणीतून. बरगड्यांमध्ये दोन-तीन छिद्रं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. छातीत दुर्बीण घालून बघायची सुरुवात स्टॉकहोममधल्या हान्स याकोबेउस या डॉक्टरने १९१० मध्ये केली, तीही टीबीच्या पेशंटवर. गाठ मोठी असेल, रक्तवाहिन्यांना चिकटली असेल तर उघडं ऑपरेशन. ओसरीतल्या गाठीसाठी छातीचं मधलं हाड उभं कापून, बाकीसाठी सहसा बाजूने बरगड्यांमधून. मधलं हाड नंतर स्टीलच्या तारेने बांधतात. तार आयुष्यभर आत राहते, त्रास देत नाही. हाड जुळायला साधारण दोन महिने. तोवर पाण्याची घागर नाही, जड दप्तर नाही, गाडी चालवणं नाही.

सर्जनची खरी कसोटी गाठीला चिकटलेल्या नसांमध्ये असते. एक नस श्वासपटलाची, एक आवाजाची. परसदारातल्या गाठीत तिसरी : तिला धक्का लागला तर त्या बाजूची पापणी थोडी उतरते, बाहुली बारीक होते, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. हे धोके ऑपरेशनआधी विचारून घ्या, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

ऑपरेशननंतर छातीतून एक नळी निघते आणि खाली पाण्याच्या बाटलीत जाते. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून आतली हवा बाहेर येते पण बाहेरची आत जात नाही. अगदी साधा एकेरी व्हॉल्व्ह. नातेवाइकांनी एकच पाळायचं : बाटली कायम छातीच्या खाली. बाथरूमला जाताना कुणी ती उचलून खांद्याला लावली तर पाणी उलटं आत जाऊ शकतं. आणि ते तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं देतात ना, ते दुखलं तरी ओढायचं. त्यानेच फुप्फुस पुन्हा फुलतं.

[१८:३०] गाठीत केस निघाले म्हणून

आमच्या पोरीची गाठ संत्र्याएवढी निघाली. आत चरबी, चिकट द्रव आणि केस. टेराटोमात कधी दातही असतात. कधी स्वादुपिंडाची पेशीही असते, तिचा पाचक रस सुटून गाठ फुटू शकते. क्वचित अशी गाठ श्वासनळीत फुटते आणि पेशंटला खोकल्यातून केस येतात. म्हणून साधी असूनही ती ठेवत नाहीत, काढतात.

केसांची बातमी गावात पोचली आणि लगेच करणी, भानामती सुरू झालं. आपल्या मराठवाड्यात हे नवीन नाही. तर विज्ञान असं आहे. आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत काही पेशी शरीराच्या मध्यरेषेवरून प्रवास करतात. त्यांच्यात शरीराचा कुठलाही भाग बनवायची क्षमता असते. त्यातल्या काही वाटेतच अडकतात आणि पुढे कधीतरी आपलं काम सुरू करतात, असं मानलं जातं. त्यातून त्वचा बनते, त्वचेला केस येतात. कुणी काही केलेलं नसतं. आईनेही नाही, पोरीनेही नाही. आणि उपचार थांबवून मंत्र-तंत्र करायला लावणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

गाठ पॅथॉलॉजीकडे गेली. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे बघून रिपोर्ट आला : परिपक्व टेराटोमा, कॅन्सरच्या पेशी नाहीत. तो कागद हातात आल्यावरच निदान पक्कं झालं. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या.

[२०:२०] फोनवाल्यांनो, तुमचं काम

आता तुम्ही कुठे लागता ते सांगतो. घरात रिपोर्ट आला की आपण काय करतो? फिल्म खिडकीला धरतो, फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो. 'सर, जरा बघता का?'

सीटीच्या मूळ चित्रात करड्या रंगाच्या जवळपास ४०९६ छटा असतात. फोनच्या फोटोत २५६. त्यात व्हॉट्सॲप फोटो अजून दाबतं. चरबी आणि पाणी यांच्यातला जो फरक निदान ठरवतो, तोच या दाबादाबीत जातो. वर फिल्मवर मोजकेच काप छापलेले असतात, सगळे नसतात.

म्हणून सीटी सेंटरमधून निघताना सीडी किंवा लिंक मागून घ्या. त्यात डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये पूर्ण स्कॅन असतो. सीडी आली की लॅपटॉपवर कॉपी करा, एक प्रत पेनड्राइव्हवर. पाठवायचं असेल तर फोल्डर झिप करून पाठवा, फोटो म्हणून नाही. सगळ्या एक्स-रेंवर तारीख बघा आणि तारखेने लावा, कारण 'डाग बदलला का' हा प्रश्न जुन्या एक्स-रेशिवाय सुटत नाही. एका पानावर लिहा : त्रास कधी सुरू झाला, कुठली औषधं कधीपासून, कशाची ॲलर्जी. आईबापाला दर ओपीडीत तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सुटतं. हे काम तुम्ही घ्या.

[२२:००] पैसा आणि रस्ता

शेवटचं, पण घरात सगळ्यात आधी निघणारं. पैसे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरती व्हायच्या आधी त्याला गाठा. विचारा, छातीचं हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का. हेल्पलाइन १५५३८८.

पोरगं शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये तो आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. डॉक्टरांचं पथक शाळेत येतं, तेव्हा पोरांनी 'काही नाही' म्हणू नये, जे आहे ते सांगावं. तिथून पुढे पाठवायची सोय असते.

आपल्या जिल्ह्यात हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालंय. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आहे, संभाजीनगरला घाटी आहे. आधी कुठे जायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील, पण चिठ्ठी लेखी घ्या. कॅन्सरचा संशय असेल तर मुंबईचं टाटा मेमोरियल.

आमच्या पोरीचं आता अकरावी सायन्स चालू आहे. छातीवर उभा व्रण आहे. नात्यातल्या एकीने हळूच विचारलंच, "लग्नाचं कसं होईल?" मामी म्हणाली, "आधी श्वास तर घेऊ दे तिला."

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कुणाचा खोकला महिनाभर थांबत नसेल, कुणी बसून झोपत असेल, तर त्याला एक्स-रेपर्यंत घेऊन जा. आणि एक्स-रेत डाग निघाला तर घाबरू नका, पण विचारा : कुठे आहे, कशाचा आहे, कशावरून? हा भाग एखाद्या शिक्षकाला, आशाताईला पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका. माझ्या आवाक्यातलं मी सांगेन, बाकी डॉक्टरांना विचारून सांगेन.

चला, लाइट जायची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात. राम राम.